कमुरत्याआधी उतू गेलेलं दूध

एका ‘हो’मध्ये हेरंब कारखानिसाला काय काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत प्लांट मॅनेजरची खुर्ची. सकाळी सव्वासातला दाराशी उभी राहणारी कंपनीची गाडी. सुभानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला गॅलरी असलेलं भाड्याचं घर. आणि सगळ्यात मोठी प्राप्ती म्हणजे साताऱ्यातल्या सकाळींपासून सुटका. तिथला त्याचा कारखाना दिवाळीच्या तोंडावर बंद पडला होता. तेव्हापासून बायको खांद्याला पर्स लावून शाळेला निघायची आणि एकोणपन्नास वर्षांचा हेरंब दारात उभा राहून विचारायचा, "कोथिंबीर तू येताना आणतेस, की मी आणू?"

एवढ्यासाठी घालायचं काय? शनिवार-रविवार असे दोन दिवस, दोन-तीन साड्या, चार प्लेट शेवउसळ आणि हॉटेलात दोघांची मालिश. सौदा वाईट नव्हता.

अडचण एवढीच, की तो ‘हो’ निरुपमाच्या ओठांमागे होता. निरुपमा साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं शिकवत होती आणि येत्या जूनमध्ये मुख्याध्यापिका होणार होती. शाळेचा शिपाई तर आतापासूनच तिला मोठ्या बाई म्हणू लागला होता. अशा बाईला "ते सगळं सोड आणि माझ्याबरोबर बडोद्याला चल" म्हणायचं कसं?

हेरंबनं उमेदीची दहा वर्षं खरेदी खात्यात काढली होती. तिथून तो एकच विद्या घेऊन बाहेर पडला: जो आधी तोंड उघडतो, त्याला भाव वाढवून द्यावा लागतो. तेव्हा शब्द तिच्या तोंडून निघायला हवा. रविवारी संध्याकाळपर्यंत कधीतरी तिनं म्हणायचं, "अहो, काय छान गाव आहे हे! आपण इथेच राहिलो असतो तर?" मग जे काही सुटेल ते तिच्या हौसेनं सुटेल. नवऱ्याच्या नावावर काही चढणार नाही.

आता यातली मेख. कंपनीला होकार त्यानं तीन आठवड्यांपूर्वीच कळवून टाकला होता. घरही ठरलं होतं. ते ठरवलं होतं दिनकरराव सबनिसांनी, म्हणजे हेरंबच्या सख्ख्या मामांनी. मामा सुभानपुऱ्यातच राहत. त्यांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, आणि आपल्या घरात आलेली गोष्ट कुलपात गेली असं समजावं, हा मामांचा पिढीजात अभिमान होता. फोनवर हेरंबनं बजावलं होतं, "मामा, निरूला यातलं अक्षर सांगायचं नाही. तुम्ही नाही, मामींनीही नाही."

"शब्द दिला," मामा म्हणाले होते.

तरीही दोन दिवस बडोद्याला येतोय, हे त्यानं मामांना कळवलंच नव्हतं. शब्द दिलेली माणसं समोर नसलेली बरी.

शनिवारी सकाळी सयाजीगंजातल्या हॉटेलात सामान टाकून दोघं रिक्षात बसली.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"गावाचं."

"अहो, अजून स्टेशनसुद्धा मागे पडलं नाहीये."

शेवउसळीच्या गाडीवर तिनं पहिला पाव रश्श्यात बुडवून तोंडात घातला, तेव्हा तो पुन्हा पुढे वाकला. "कसं वाटतंय?"

"तिखट."

"तसं नाही. गाव गं."

निरुपमानं बशी खाली ठेवली. "दर दहा मिनिटांनी तब्येत विचारल्यासारखं विचारताय. ताप मला आलाय, की गावाला?"

हेरंब हसला, पण त्याचा पाय टेबलाखाली हलत राहिला. दहा मिनिटं गप्प राहायचं ठरवून तो सहाव्या मिनिटाला म्हणाला, "इथे वीज जात नाही."

मंगळ बाजारात तर त्यानं कमालच केली. तेवीस वर्षांच्या संसारात साडीच्या दुकानात तो कधी आत शिरला नव्हता; बाहेर पिशव्या सांभाळत खांबाला टेकून उभं राहायचं, एवढाच त्याचा वाटा. आज तो गादीवर मांडी घालून बसला आणि काठ बोटात धरून बघू लागला.

"हीपण घे."

"दोन झाल्या."

"मग काय झालं? नेसायला जागा आहे ना. बघ, किती मराठी बायका आहेत दुकानात. रस्ता विचारला तरी मराठीत सांगतात इथे."

"साताऱ्यातही मराठीतच सांगतात," निरुपमा म्हणाली. "आणि तिथे मला रस्ता विचारावा लागत नाही."

बोलता बोलता तिनं तिसरी साडी बाजूला काढली: राखाडी, बारीक मरून काठाची. कुठल्याही वर्गात शिरली तर गोंधळ आपोआप थांबेल, अशी. हेरंबचा हात खिशात जाईपर्यंत तिचं कार्ड दुकानदाराच्या यंत्रात गेलंसुद्धा. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. ती कार्ड इतकं झटकन पुढे करायची, की त्याला खिसा चाचपायची वेळच येऊ नये. त्यानं हात तसाच बाहेर काढला आणि त्या हातानं केस नीट केले.

दुपारी ती म्हणाली, "मला खंडेराव मार्केट बघायचंय. राजवाड्यासारखी इमारत आहे आणि आत वांगी विकतात, असं लग्न झाल्यावर तुम्हीच सांगितलं होतंत."

हेरंबला एकदम मामी आठवल्या. मामी सुभानपुऱ्यात राहायला गेल्या त्याला वीस वर्षं झाली, पण भाजीला अजून खंडेराव मार्केटलाच यायच्या. मात्र त्यांची वेळ सकाळची. त्यानं घड्याळ पाहिलं. तीन. निर्धास्तपणे तो म्हणाला, "चल."

त्याला एक ठाऊक नव्हतं. उंधियूचे दिवस आले, की मामी दुपारी येत, कारण तोपर्यंत पापडीचा भाव उतरलेला असे.

"हेरंबा!"

सुरती पापडीच्या ढिगामागून मथुराबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या एका हातात शेंगा होत्या, दुसऱ्या हातात कंद.

"अय्या, मामी!" निरुपमा नमस्काराला वाकली.

"थांब गं, माती लागेल. कधी आलात? उतरलात कुठे?"

"हॉटेलात," निरुपमानं सरळ सांगून टाकलं.

मामींच्या हातातल्या शेंगा गळाल्या. "हॉटेलात? बडोद्यात येऊन? सबनिसांचा भाचा?" त्यांनी भाजीवालीकडे दाद मागितली, "जो ने बेन, मामानुं घर छोडीने होटेलमां!" भाजीवालीनं हेरंबकडे असं पाहिलं, की गोंधळून त्यानं तिलाच नमस्कार केला.

मग मामींना आठवण झाली. त्यांनी भुवया उंचावून हेरंबला विचारलं: सांगितलंस का तिला? हेरंबनं मान अगदी गुंजभर हलवली: नाही. झालं. मामींच्या चेहऱ्यावर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा भाव आला, आणि तो तिथेच राहिला.

"आता... आता काय बेत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हॉटेलात मालिश आहे," निरुपमा म्हणाली. "दोघांची. यांनी ठरवलंय. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझे पाय चेपणार."

"हॉटेलातली मालिश! तिथल्या मुली नुसता हात फिरवतात, इस्त्री फिरवल्यासारखा. माझ्या जसुबेनकडे चल. बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी चालवणारा हात आहे तिचा."

"नको मामी, बुकिंग केलंय," हेरंब म्हणाला.

"मग कॅन्सल कर ने! त्यात काय!"

मामींनी निरुपमाचा दंड धरला होता. दोघी पुढे चालू लागल्या आणि हेरंब पिशव्या घेऊन मागून निघाला. या दोघींना एकत्र सोडण्यापेक्षा सोबत जाणं कमी धोक्याचं, एवढा हिशोब त्याला पिशव्या धरूनही करता येत होता.

जसुबेनचं दुकान रावपुऱ्याच्या एका गल्लीत होतं. एकच लांब खोली, मधे प्लायवूडचा पडदा. पलीकडे बायकांची मालिश जसुबेन करायची, अलीकडे पुरुषांची तिचा नवरा. पाच मिनिटांत हेरंब पंचा गुंडाळून पालथा पडला होता. पाठीवर कोमट तिळाचं तेल पडलं, आणि जसुबेनच्या नवऱ्यानं त्याच्या कमरेवर गुडघा रोवून विचारलं, "साहेब, पीठ छे के पथ्थर?"

हेरंबचं लक्ष पाठीकडे नव्हतं. प्लायवूड पातळ होतं.

"निरू," पलीकडून मामींचा आवाज आला, "तुला सकाळचा उजेड आवडतो ना गं? पूर्वेचा?"

"आवडतो की. कुणाला नाही आवडत?"

"हां. आणि तू जरा उंच आहेस. ओटा उंच असला तर बरा ना?"

"कुठला ओटा, मामी?"

"कुठला नाही. असंच आपलं."

हेरंब मोठ्यांदा खोकला.

"कफ छे," जसुबेनचा नवरा म्हणाला, आणि त्यानं बरगड्यांवर दणादण मुठी मारायला सुरुवात केली. त्या दणक्यांत पलीकडची दोन-चार वाक्यं बुडाली. पुन्हा ऐकू आलं तेव्हा बोलत होती जसुबेन.

"मथुराबेन, आ तमारां भाणेजवहू? तो तो एमना घरना पेंडा में खाधा! बहु सरस हता."

"माझ्या घरचे पेढे?" निरुपमाच्या आवाजात अजून हसू होतं. "मी कधी दिले तुम्हाला?"

"नवा घरना! सुभानपुरावाळा! तमे लोको दूध ऊभरावो छो ने, एना. कमुरता बेसे एना आगले दिवसे."

तर झालं होतं ते असं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या महिन्याला गुजरातेत कमुरता म्हणतात आणि त्या दिवसांत कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. घरमालकानं मामांना सांगितलं, चावी घ्यायची तर कमुरत्याआधी घ्या, नाहीतर थेट उत्तरायणानंतर. चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या सबनिसांनी देव मराठी ठेवले होते, पण धास्ती गुजराती उचलली होती. कमुरता बसायच्या आदल्या दिवशी मथुराबाई नवी झाडणी, मीठ, पाण्याचा कलश आणि नवं पातेलं घेऊन त्या रिकाम्या घरात गेल्या. घरच्या बाईनं करायचं ते त्यांनी घरच्या बाईच्या नावानं केलं. दूध तापवलं, उतू घालवलं, आणि अकरा घरी पेढे वाटले. दिलेल्या शब्दाला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. निरुपमाला सांगायचं नव्हतं. उरलेलं बडोदं मोकळं होतं.

हेरंबनं हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. तळवे तेलानं घसरले, गुडघ्यानं त्याला पुन्हा खाली दाबलं. "हले नहीं, साहेब. हवे तो गांठ मळी छे." गाठ सापडली होती म्हणे.

"कुणाचं घर, मामी?" निरुपमानं विचारलं.

"मला विचारू नकोस गं. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

मामींचं न बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं.

आता आरडाओरडा होईल, म्हणून हेरंबनं डोळे गच्च मिटले. निदान हाक तरी येईल.

"बरं," निरुपमा म्हणाली. "जसुबेन, डाव्या खांद्याला जरा जोर द्या."

बाहेर आली तेव्हा ती तेलानं तुकतुकीत झालेली आणि शांत होती. भयंकर शांत. मालिशीचे पैसे मामींनी कुणालाही खिशाला हात लावू न देता चुकते केले. अपराधी माणसाला पैसे द्यायची मोठी घाई असते.

संध्याकाळी दिनकरराव स्कूटरवरून आले आणि सगळ्यांना पुन्हा शेवउसळीच्या गाडीवर घेऊन गेले. हेरंबनं संधी साधून त्यांना पानाच्या टपरीमागे ओढलं.

"मामा, शब्द दिला होतात!"

"पाळला. जा, विचार तिला. मी अक्षर बोललोय?"

"अकरा घरी पेढे वाटले तुम्ही!"

"तू म्हणालास निरूला सांगू नका. जसुबेन म्हणजे निरू आहे का?" मामांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "आणि हॉटेलात उतरलास, ते आधी सांग. आजोबा असते तर—"

"मामा, आजोबांना राहू द्या हो."

"मग मामांना तरी सांगायचं होतंस! आम्ही पातेलं घासून ठेवलं असतं."

निरुपमानं दोन बशा संपवल्या आणि वर तर्री मागितली. हेरंबची पहिलीच संपेना. ती मामांना बडोद्याच्या शाळा विचारत होती, मामींकडून पापडी निवडायची रीत समजून घेत होती, त्याच्याकडे मात्र बघत नव्हती. प्रत्येक वाक्याला त्याला वाटायचं, आता काढेल. ती काढत नव्हती. हॉटेलात परतल्यावर तो तीनदा म्हणाला, "निरू, ऐक ना," आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "ऐकतेय," आणि तिन्ही वेळा त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

रविवारी सकाळी केस विंचरताना ती म्हणाली, "चला. मामा-मामी चावी घेऊन येतायत."

"कसली चावी?"

तिनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. "आता हेही मीच सांगू का?"

सुभानपुऱ्यातल्या त्या घराच्या चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण. निरुपमा एकेका खोलीत गेली. तिनं नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या, कपाटांची दारं उघडून वास घेतला. शाळा तपासायला आलेली बाई जशी फिरते, तशी. मामा-मामी दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून उभे होते. बसायला घरात काहीच नव्हतं.

गॅलरीत ऊन आलं होतं. ती त्या उन्हात थोडा वेळ उभी राहिली.

"उजेड छान आहे," ती म्हणाली.

हेरंब दोन पावलं पुढे झाला. आलं, शब्द आलाच! ‘कसं वाटतंय’ अगदी त्याच्या जिभेवर होतं. पण ती तिथून स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावर पातेलं तसंच होतं. त्याच्या एका अंगानं उतू गेलेलं दूध वाळून तपकिरी झालं होतं. शेजारी वाटीत मीठ होतं.

"घासायचं राहिलं गं," दारातून मामी म्हणाल्या. "म्हणजे राहिलं नाही. घरच्या बाईनं घासावं, म्हणून ठेवलं."

"कुठल्या बाजूला गेलं दूध?"

"पूर्वेला. एकदम सरस."

"चांगलं झालं," निरुपमा म्हणाली. "मी असते, तर कदाचित पश्चिमेला गेलं असतं."

मामींना रडू फुटलं. "निरू, उतू जाताना तुझंच नाव घेतलं गं मी. देवाशप्पथ."

"माहीत आहे, मामी. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला नाव दिलं होतं, तुम्ही ते घेतलंत." तिनं मामींच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही दोघं जरा गॅलरीत बसता? उन्हात?"

बसायला गॅलरीतही काही नव्हतं. तरी दोघं गेले.

"का नाही विचारलंत?" तिनं हेरंबला विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. चार दिवस नाही म्हणाले असते. भांडले असते. जेवले नसते."

"आणि मग?"

"तेच तर. मग काय, ते आता मलाही सांगता येणार नाही. तेवढे चार दिवसच तुम्ही मला दिले नाहीत."

हेरंब ओट्याला टेकला. बोलायचं होतं ते काहीच आठवेना, आणि जे बोलायचं नव्हतं तेच बाहेर आलं. "तू शाळेतून येतेस, निरू. मी दार उघडतो. त्या एका मिनिटासाठी दिवसभर मी काहीतरी केलेलं असावं लागतं. म्हणून मी डबे घासतो. घासलेले डबे पुन्हा घासतो. शिपाई तुला मोठ्या बाई म्हणतो, तेव्हा मला बरंच वाटतं. पण ते सोड म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं म्हणू? दारात कोथिंबिरीचं विचारणाऱ्या माणसानं?"

"डबे मला दिसतात," निरुपमा म्हणाली. "म्हणूनच दिवसभर काय केलंत, असं एकदाही विचारलं नाही. दोन महिने गप्प बसले, ती तुमच्यासाठी. तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात, ते कुणासाठी?"

हेरंब वाटीतलं मीठ बोटानं सारखं करत राहिला.

"कंपनीत कधी जायचंय?"

"पुढच्या सोमवारी जातो म्हटलंय. ते म्हणतात, उद्या आलात तरी चालेल."

"मग उद्याच जा."

"आणि तू?"

"मी संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला. तुमचे कपडे पार्सलनं पाठवते. जूनमध्ये मी खुर्चीत बसणार."

"आणि नंतर?"

"सुट्टीत येईन. पाहुणी म्हणून. नारळ आणि खण आणून ठेवा, पाहुणीची ओटी भरतात."

"निरू, हे काय... लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पेढे खाल्लेत. ते चांगलंच म्हणतील."

गॅलरीतून मामींना राहवलं नाही. "अगं, एकटा कसा राहील तो इथे?"

"जेवायला तुमच्याकडे येतील, मामी. फक्त तर्री देऊ नका, पचत नाही यांना." तिनं पातेलं उचललं, नळाखाली धरून त्यात पाणी भरलं आणि ते तसंच भिजत ठेवून पदराला हात पुसले. घासलं मात्र नाही.

असं ते झालं. खुर्ची मिळाली, गाडी मिळाली, पूर्वेची गॅलरी मिळाली. ज्या ‘हो’साठी एवढी मांडामांड केली, तो आला नाही, आणि ‘नाही’सुद्धा तिनं कुठे म्हटलं नव्हतं. संध्याकाळी फलाटावर तो तीनदा डब्यापर्यंत गेला आणि तीनदा परत आला, एकदा पाण्याची बाटली घेऊन, एकदा केळी घेऊन, एकदा हात हलवतच. गाडी हलली तेव्हा निरुपमा खिडकीतून म्हणाली, "सव्वासातला गाडी येते ना? मग सहाचा गजर लावा." तेवीस वर्षं त्याचा गजर तीच लावत आली होती.

आता शेवटी कुणी काय भरलं, तेही सांगून टाकू. हॉटेलचं बिल कंपनीनं भरलं. नव्या साहेबाला गाव दाखवायची ती त्यांची रीत होती, आणि ते बिल काउंटरवर निरुपमाच्याच हातात पडलं. मालिशीचे मामींनी दिले, शेवउसळीचे मामांनी. तिन्ही साड्या निरुपमानं स्वतःच्या पगारातून घेतल्या आणि तिन्ही स्वतःबरोबर नेल्या. परतीच्या दोन तिकिटांपैकी एक ऐनवेळी रद्द करावं लागलं. खिडकीवरच्या माणसानं अर्ध्याहून जास्त रक्कम कापून उरलेले पैसे काचेखालून पुढे सरकवली. ती कापलेली रक्कम मात्र हेरंबची होती.